संगमनेरची लाइन

आमचे घरमालक फोन आला की ‘हॅलो’ म्हणत नसत. ‘नंबर बोला’ म्हणत. समोर सख्खी मुलगी असली तरी तेच. तीन मिनिटं झाली की ती वाक्याच्या मधे असली तरी विचारत, “तीन मिनिटं झाली, वाढवून पायजेत का?” ती हो म्हणाली तर आणखी तीन. त्यानंतर वाढवून मिळत नसे. “मागं लोक खोळंबल्यात,” म्हणत. मागे कुणीच खोळंबलेलं नसे. मागे एक पेरूचं झाड होतं आणि माझी स्कूटर.

श्रीरामपुरात पाच वर्षं मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलो. सगळी गल्ली त्यांना नाना म्हणायची, म्हणून मीही नाना म्हणायचो. ते मला मास्तर म्हणायचे, कारण मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. माणूस विक्षिप्त होता, आणि त्याच्यावर मजेमजेचं काहीतरी लिहावं असं माझ्या मनात फार होतं. दोन-तीनदा लिहायलाही बसलो. पण चार ओळी झाल्या की पुढचं आठवतं आणि मला माझीच लाज वाटायला लागते. आज ते पुढचंही लिहून टाकतो.

नाना टेलिफोन ऑपरेटर होते. परगावी बोलायचं तर आधी कॉल नोंदवावा लागे आणि मग तास-दोन तास, कधी अख्खा दिवस वाट बघावी लागे, त्या काळातले. कॉलचे तीन वर्ग असत: साधा, अर्जंट आणि सगळ्यांच्या पुढे घुसणारा लाइटनिंग. कानाला हेडसेट, पुढ्यात भोकाभोकांचा बोर्ड, आणि हातातली वायर या भोकातून काढून त्या भोकात घालायची. पुढे सगळं आपोआप जोडलं जायला लागलं, बोर्ड भंगारात गेला आणि नानांना तक्रारींच्या टेबलावर बसवलं. तिथूनच ते रिटायर झाले. पण मनाने ते बोर्डासमोरून उठले नाहीत. फोनवर बोलताना त्यांचा उजवा हात हवेत अर्धवट वर असायचा, चिमटीत वायर धरल्यागत.

नवीन भाडेकरू आला की नाना त्याला एक मेमो दाखवत. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवलेला. झालं होतं असं, की बेलापूरकडची एक बाई ऑफिसच्या खिडकीशी आली. नवरा नाशकात दवाखान्यात, जगतोय की नाही ठाऊक नाही. तिचा साधा कॉल. तिच्या पुढे कुणा मोठ्या साहेबांचा अर्जंट. नानांनी बाईचा कॉल आधी जोडला. साहेबांनी तक्रार केली आणि वरून या मेमोने विचारणा आली, की हे कोणत्या नियमाने केलं. नानांनी उत्तर लिहिलं, ‘बाई उभी होती. साहेब बसले होते.’ यावर त्यांची वेतनवाढ अडली म्हणे. सांगताना मात्र त्यांचा चेहरा असा फुलायचा, जसं काही मोठं बक्षीसच मिळालं होतं.

अख्ख्या गावाची गुपितं या माणसाच्या कानावरून गेलेली. कुणाची सोयरीक कशाने मोडली, कुणाचा भाऊ घर सोडून का गेला, सगळं. मी चहाच्या निमित्ताने खोदून बघायचो. मला असल्या गोष्टींची फार हौस. नाना म्हणायचे, “आमी जोडायचो, मास्तर. ऐकायचं काम आमचं न्हवतं.” एकदा मी फारच चिकाटी धरली तेव्हा ते उठून आत गेले आणि परत बाहेर आलेच नाहीत. मी अर्धा तास रिकामी कपबशी घेऊन बसलो होतो.

बायको जाऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. एकुलती मुलगी पुण्यात, तिला मी ताई म्हणायचो. एका सकाळी नाना न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि मी कॉलेजातून येईपर्यंत तिथेच पडून होते. हाड मोडलं नाही, पण गुडघा कायमचा धरला. ताईने हाय खाल्ली. पुढच्याच आठवड्यात ती एक घड्याळ घेऊन आली. मनगटावर बांधायचं, आत नानांच्या जुन्याच नंबरचं सिमकार्ड, फोन जवळ नसला तरी त्याच्यावर थेट कॉल येतो आणि बोलताही येतं. नानांचा जुना बटणांचा फोन ती पुण्याला घेऊन गेली, म्हणजे घड्याळ काढून ठेवायला निमित्त नको.

त्या घड्याळाची एक खुबी होती. त्यावर कुणाचे फोन यावेत आणि त्यावरून कुणाला जावेत, याची यादी दुसऱ्याच कुणाच्या तरी फोनमध्ये असायची. यादीत नाव असेल तर घड्याळ वाजणार. नसेल तर तो फोन नानांपर्यंत पोचणारच नाही, आणि आला होता हे त्यांना कळणारही नाही. म्हाताऱ्या माणसांना फोन करून फसवणारे फार झालेत, त्यामुळे ताईला ही सोय पसंत पडली. यादी कुणाच्या फोनमध्ये ठेवायची? ती दिवसभर मीटिंगमध्ये. मी वरच राहणारा आणि त्यातला जाणकार. काम माझ्या गळ्यात पडलं.

मला वाटलं होतं नाना रागावतील. पण त्यांना भलताच आनंद झाला. “म्हंजे बोर्ड तुमच्याकडं,” ते म्हणाले. “मास्तर म्हंजे आमचं एक्स्चेंज.” दुसऱ्या दिवसापासून सकाळी सकाळी जिन्याच्या तळाशी हाका सुरू झाल्या. हातात चिठ्ठी, तिच्यावर नाव, नंबर आणि कॉलचा वर्ग. ताई लाइटनिंग. डॉक्टर अर्जंट. गॅस टाकीवाला साधा. मी सांगितलं, की नाना, घड्याळात वर्ग नसतात, सगळे सारखेच वाजतात. त्यावर ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. जिना चढून मात्र ते कधीच वर आले नाहीत. घर आपलं असलं तरी भाडेकरूच्या दारात जायचं नाही, हा त्यांचा कायदा होता.

एका चिठ्ठीवर नुसतं ‘संगमनेर’ लिहिलेलं होतं, आणि नंबर. वर्ग नाही. मी विचारलं, याचा वर्ग?

“तेला वर्ग न्हाई. ते स्टेशन हाय.”

संगमनेर म्हणजे तिकडच्या एक्स्चेंजचा ऑपरेटर, नानांहून दोन वर्षांनी मोठा. वीस-बावीस वर्षं हे इकडच्या बोर्डावर आणि तो तिकडच्या. एकमेकांना नावाने हाक मारायची पद्धतच नव्हती, गावाच्या नावाने मारायची. समोरासमोर भेट म्हणाल तर चार-पाच वेळा, तीही कुणाच्या तरी लग्नात. आता तो माणूस मुलाकडे असायचा आणि त्याची आठवण गेली होती. नातवंडांची नावं येत नव्हती, आपण जेवलो का हे सांगता येत नव्हतं. एक मात्र शाबूत राहिलं होतं. आपण बोर्डावर बसलोय आणि श्रीरामपूरला बोलायचं आहे.

“श्रीरामपूर?”

“बोला संगमनेर.”

“लाइन मोकळी हाय का?”

“मोकळी हाय.”

“पार्टी कोन?”

“पार्टी न्हाई. आपलंच.”

पार्टी म्हणजे ज्याचा कॉल जोडायचा तो. मग पाऊस आहे का, तुमच्याकडे वीज आहे का, चहा झाला का. तीन मिनिटं संपली की दोघेही एका सुरात “ठिवतो” म्हणायचे. पंधरा मिनिटांनी घड्याळ पुन्हा वाजायचं. “श्रीरामपूर? लाइन मोकळी हाय का?” दिवसातून वीस वेळा, पंचवीस वेळा. नाना अंगणातल्या पायरीवर मनगट कानाशी धरून, डोळे मिटून, दर वेळी त्याच आवाजात उत्तर द्यायचे. वर बसून ऐकताना माझं डोकं उठायचं. एकदा मी विचारलंच, की नाना, तुम्हाला कंटाळा कसा येत नाही?

“मला येईल वो,” ते म्हणाले. “पन तेचा पयलाच फोन असतोय ना.”

हे ऐकून मी हसलो होतो. स्टाफरूममध्ये जाऊन या संवादाची नक्कलही करून दाखवली होती, दोन्ही आवाज काढून. सगळ्यांना फार आवडली. कुणी नवीन सर आले की मला पुन्हा करायला लावायचे.

मग तो शुक्रवार. कॉलेजात प्रॅक्टिकल परीक्षा, बाहेरून परीक्षक आलेले. माझा फोन खिशात थरथरायला लागला. ताई. एकदा, दोनदा, आठ वेळा. बाहेर येऊन उचलला तर ती रडायच्या बेतात. अर्धा तास झाला, बाबांचा फोन सारखा व्यस्त लागतोय, पडले असतील सर, जाऊन बघा ना. मी परीक्षा सोडून निघालो. प्राचार्य व्हरांड्यात उभे होते. पोरांसमोरच म्हणाले, “सर, परीक्षा कुणाची आहे, मुलांची की आमची?” मी मान खाली घालून स्कूटर काढली.

घरी पोचलो तर नाना पायरीवर. मनगट कानाशी. मला बघून त्यांनी बोट वर करून थांबायची खूण केली, कारण अजून तीन मिनिटं व्हायची होती. बोलणं संपल्यावर म्हणाले, “आज संगमनेर ठिवलं की लगीच परत लावतंय. का वो मास्तर, एवढा घाम? बसा, पानी देतो.” आणि दुखरा गुडघा घेऊन पाणी आणायला आत गेले. मी पाणी न पिताच परत फिरलो.

स्टाफरूममध्ये येऊन मी फोन काढला, यादी उघडली आणि ‘संगमनेर’वर बोट ठेवलं. फोनने विचारलं, हे नाव काढायचं का? मी हो म्हटलं. एवढंच केलं. मी कुणावर हात उचलला नाही, ओरडलो नाही. पण एवढ्या शांतपणे इतकं वाईट काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही. ताईला कळवलं, “काळजी करू नका, मार्ग काढलाय.” कसला मार्ग ते तिने विचारलं नाही. म्हणाली, “देवच भेटला सर तुमच्या रूपाने.” मला ते बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. त्या भरात मी चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त खाल्ली.

संध्याकाळी खालून हाक आली. “मास्तर, संगमनेर शांत हाय आज.”

“नेटवर्क नसेल.”

“आसंल.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी घड्याळ मऊ फडक्याने पुसलं. तिसऱ्या दिवशी रेंज मिळते का बघायला गच्चीवर गेले. त्या गुडघ्याने, बाहेरच्या लोखंडी जिन्याने. त्यांच्याकडूनही फोन जाईना, कारण यादीत नाव नव्हतं. चौथ्या दिवशी जिन्याच्या तळाशी येऊन म्हणाले, “तुमच्या फोनावरनं लावून बगा बरं एकदा.” मी खाली गेलो. त्यांनी नंबर तोंडपाठ सांगितला. मी त्यांच्यासमोर स्क्रीनवर उगीच बोटं फिरवली, फोन कानाला लावला, थोडा वेळ थांबलो आणि म्हणालो, “लागत नाही, नाना.”

मी फोन लावलाच नव्हता. ज्या माणसाने जन्मभर लोकांना खरीखुरी लाइन जोडून दिली, त्याच्या तोंडावर मी हे केलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “तिकडंच काय तरी बिघाड आसंल. तुमाला तरास दिला उगा.”

नाव परत घालायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. रोज ठरवायचो, आज घालू. पण घातलं की सगळं पुन्हा सुरू होणार, ताई पुन्हा घाबरणार, प्राचार्य पुन्हा बोलणार. आणि नानांनी विचारलं, की आज कसं लागलं, तर काय सांगायचं? या भानगडीत नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी सकाळी नाना धुतलेला सदरा घालून संगमनेरच्या एस.टी.त बसून गेले. मला सांगितलं नाही. दिवेलागणीला परत आले आणि मी जिन्यावर पावलं ऐकली. एक पायरी, मग थांबणं, मग एक पायरी. दार उघडलं तर नाना. चार वर्षांत पहिल्यांदा ते माझ्या दारात उभे होते. मी खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

“तो फोन लावीतच हुता म्हनं,” ते म्हणाले. “पाच-सहा दिवस. दिसभर. सून जेवायला बोलवायची तर म्हनायचा, श्रीरामपूर मिळंना, मग जेवतो. मग येक दिवस फोन खाली ठिवला आनि बोलायचंच थांबला. आता काय इचारलं तरी बोलत न्हाई. सून भरवती. मी म्हनलं, संगमनेर, मी श्रीरामपूर, सोता आलोय. तर भिताडाकडं बगत बसला.”

मी उगीच दिवा लावला.

“सुनेनं माझ्यासमोर नंबर लावला. हितं मनगटावर काय वाजलं न्हाई. तिच्या फोनात ती बाई बोलली, ही व्यक्ती उपलब्ध न्हाई.” त्यांनी घड्याळावर बोट ठेवलं. “मी उपलब्ध हुतो, मास्तर. तिच्या समोरच बसल्यालो.”

मग त्यांनी हात पुढे केला. “बोर्ड दाखवा.”

मी यादी उघडून फोन त्यांच्या हातात दिला. चष्मा वर-खाली करत त्यांनी एकेक नाव वाचलं. मुलगी, जावई, डॉक्टर, गॅसवाला, मी. परत पहिल्यापासून वाचलं.

“संगमनेर कुठाय?”

तेव्हा तरी खरं बोलायचं. तोंड उघडलं तेव्हा खरंच बोलणार होतो. पण तोंडातून आलं, “मधे एक अपडेट आलं होतं, त्यात उडालं असेल.”

नानांनी माझ्याकडे बघितलं. तक्रारींच्या टेबलावर इतकी वर्षं काढलेला माणूस. बिघाड कुठे आहे हे ओळखायचं हेच तर त्यांचं काम होतं. ते एवढंच म्हणाले, “आसंल. परत जोडा.”

मी जोडलं. दोनदा नंबर चुकला. नानांनी तिथेच उभ्याउभ्या घड्याळावरून फोन लावला. सुनेने उचलला. घड्याळातला आवाज खोलीभर ऐकू येतो.

“पोरी, मी बोलतोय श्रीरामपूरचा. बिघाड सापडला,” नाना म्हणाले. “चूक माझी हाय. लई फोन यायचे तेचे, मला वैताग आला हुता. मीच नाव काढायला लावलं.”

ती बोलायला लागली. “काका, तुम्ही? अहो, तुमच्याशी बोलले की दोन घास खायचे ते. अंघोळ करायचे. मी तर शेजारणींना सांगायचे, की आमच्या मामंजींना एक माणूस आहे श्रीरामपूरला, तो कधी चिडत नाही. आणि तुम्हीच? आणि आज माझ्यासमोर येऊन बसलात, माझा चहा प्यालात, तरी बोलला नाहीत? कंटाळा आला होता तर मला सांगायचं. मी काहीतरी समजूत घातली असती त्यांची. ते दिवसभर बटणं दाबत बसले हो, काका. बोट सुजलं होतं त्यांचं.”

“बरोबर हाय,” नाना म्हणत होते. “बरोबर हाय, पोरी. चुकलं माझं.”

ती रडत होती, मधेच चिडत होती, पुन्हा रडत होती. नाना माझ्या खोलीच्या मधोमध मान खाली घालून उभे होते आणि शाळेत पोरगं ऐकतं तसं ऐकून घेत होते. मी दोन हातांवर होतो. मी एवढंच म्हणायचं होतं, की वहिनी, ते नाहीत, मी. घड्याळाला माझा आवाज सहज ऐकू गेला असता. मी म्हणालो नाही. तिने ठेवल्यावर म्हणालो, “नाना, तुम्ही असं का सांगितलंत?”

“तिला कुनाला तरी बोलायचं हुतं,” ते म्हणाले. “तुमाला ती वळखत न्हाई.” आणि कठडा धरून एकेक पायरी खाली उतरून गेले.

त्यानंतर मी जवळजवळ वर्षभर तिथे राहिलो. नानांनी तो विषय पुन्हा काढला नाही, ताईलाही काही कळू दिलं नाही. माझ्याशी पहिल्यासारखंच बोलायचे. मला मात्र ते खाली अंगणात दिसले की मागच्या लोखंडी जिन्याने निघायची सवय लागली. सकाळ-संध्याकाळ ते संगमनेरला फोन लावायचे. सून तो मामंजींच्या कानाशी धरायची, पण पलीकडून कधी शब्द आला नाही. नाना एकटेच बोलायचे. पाऊस नाही म्हणायचे, वीज गेली होती म्हणायचे. त्या सुनेचा स्वर मात्र बदलला होता, वरपर्यंत ऐकू यायचं. ती त्यांना काका म्हणायची थांबली होती. “हं, धरते,” एवढंच म्हणायची.

आता मी दुसऱ्या गावी असतो. यादी ताईच्या फोनमध्ये गेली. नाना आहेत, ठीक आहेत असं कळतं. संगमनेरचा तो नंबर माझ्या फोनमध्ये अजून आहे. तिच्या लेखी तिच्या सासऱ्याला तोडणारा माणूस आजही नानाच आहेत, आणि नाना रोज दोनदा फोन करून तिचा तो कोरडा ‘हं’ ऐकतात. दोन वर्षं होत आली. मी तिला अजून फोन केलेला नाही.